माईक घेण्याआधी पट्टी घ्या : ऑनलाइन मीटिंगसाठी माईक कसा निवडावा

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की मला एक फोन हमखास येतो. "ताई, मीटिंगमध्ये माझा आवाज नीट येत नाही म्हणतात. कुठला माईक घेऊ?" मी विचारते, "आत्ता माईक तोंडापासून किती लांब आहे?" पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "लॅपटॉपमध्येच आहे ना तो!"

मी नाशिकला दिंडोरी रोडच्या बाजूला एका द्राक्ष निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम बघते. निम्मे दिवस ऑफिसात आणि निम्मे दिवस इंदिरानगरच्या घरून. जानेवारी ते एप्रिल युरोपातल्या खरेदीदारांशी रोज बोलणं असतं, आणि पॅकहाउसवरच्या मुलांशी तर दिवसातून चारदा. इकडे 'साठ'चं 'सात' ऐकू आलं किंवा तिकडे 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' झालं, की पुढचा अर्धा तास निस्तरण्यात जातो. त्यामुळे माईकचा नाद मला हौसेने लागलेला नाही, गरजेने लागला.

लोकांचं चुकतं ते क्रमात. आधी मॉडेल बघतात, मग पैसे देतात, मग वायर कुठे लावायची ते शोधतात आणि आवाज तरीही तसाच. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर मॉडेलचा विचार सातव्या टप्प्यावर येतो. बऱ्याच जणांना तिथवर जावंही लागणार नाही.

## तयारी

मोबाईलबरोबर आलेले जुने वायरचे इअरफोन ड्रॉवरमधून शोधून काढा. एक फूटपट्टी, एक जाड नॅपकिन आणि ऐकण्यासाठी बऱ्यापैकी हेडफोन एवढंच लागतं. मीटिंग ज्या लॅपटॉपवर, ज्या खोलीत आणि ज्या वेळेला असते, चाचणी त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच वेळेला करायची. सकाळी सातला इंदिरानगर शांत असतं. अकराला मात्र बाहेर ड्रिल सुरू होतं. २०२७च्या सिंहस्थाची कामं सध्या कुणाच्या ना कुणाच्या दारात चालूच आहेत. सकाळच्या शांततेत केलेली चाचणी अकराच्या मीटिंगला उपयोगाची नाही.

## टप्पा १ : आहे त्या माईकवर स्वतःचा आवाज ऐका

१. विंडोजमध्ये साउंड रेकॉर्डर, मॅकवर व्हॉइस मेमोज उघडा. लॅपटॉपवरच रेकॉर्ड करा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट करून "माझा आवाज तर छान येतो" म्हणणारे खूप भेटतात. तो मोबाईलचा माईक झाला, लॅपटॉपचा नव्हे.

२. नेहमी बसता तसे बसा, पंखा नेहमीच्या वेगावर ठेवा आणि हे वाक्य मीटिंगच्या आवाजात म्हणा:

"भाऊच्या फाट्यावर पप्पूने पापड भाजले आणि शशीच्या सासूबाई सकाळी साडेसहाला साठ रुपये घेऊन निघाल्या."

वाक्य येडचाप आहे, पण मुद्दाम तसं आहे. भ, फ, प ही अक्षरं माईकवर हवेचा फटका मारतात. स, श ही बारीक, उंच आवाजाची अक्षरं खराब जोडणीत सगळ्यात आधी मरतात. इंग्रजी चाचणी-वाक्यांत आपला 'भ' नसतो, आणि आपल्या मीटिंगा तर 'भाऊ'नेच सुरू होतात.

३. मग दहा सेकंद काहीही न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवा. खोलीचा स्वतःचा आवाज यातूनच कळतो.

४. आता तेच वाक्य मीटिंगच्या ॲपमध्ये म्हणा. झूममध्ये ऑडिओ सेटिंग्जमध्ये टेस्ट माईक आहे, तो तुमचा आवाज परत ऐकवतो. टीम्समध्ये टेस्ट कॉलची सोय आहे. ॲप आवाजावर स्वतःची प्रक्रिया करतं, म्हणून दोन्ही रेकॉर्डिंगं हवीत.

सावधान: ऐकायचं ते हेडफोन लावून. लॅपटॉपच्या स्पीकरवर घूं आणि घरघर लपून जाते, आणि मग "ठीक वाटतंय की" असा निकाल लागतो.

## टप्पा २ : दोष ओळखा

विहिरीतून बोलल्यासारखा, लांबचा आवाज येत असेल तर कारण अंतर आणि खोली. बोलण्याखाली सतत घरघर असेल तर पंखा, एसी किंवा माईकची पातळी नको तितकी वाढवलेली. भ-फ वर फट्फट् होत असेल तर माईक श्वासाच्या थेट वाटेत आहे.

सतत घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा रेकॉर्ड करा. घूं गेली तर दोष विजेच्या बाजूला आहे. ३.५ मिमी पिनच्या माईकला हा त्रास जास्त होतो, यूएसबीला कमी. इन्व्हर्टरवर असताना घूं वाढत असेल तर तेही त्याच जातीचं दुखणं.

आवाज मध्येच तुटतो, यंत्रमानवासारखा होतो, पण लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ आहे? मग खोट इंटरनेटमध्ये किंवा ॲपच्या गोंगाट-कपातीत. त्यावर दहा हजारांचा माईकही काही करू शकत नाही. आधी राउटरजवळ बसून बघा.

आणि तुम्हाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष बहुतेक वेळा समोरच्याकडे असतो. त्याच्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्याच्या माईकमध्ये शिरतोय. त्याला इअरफोन लावायला सांगा. इथे स्वतःचा माईक बदलणारे लोक मी पाहिलेत.

तपासा: दोन्ही रेकॉर्डिंगं स्वच्छ आहेत? मग इथेच थांबा.

## टप्पा ३ : अंतर ठरवा

सगळ्यात जास्त फरक याच टप्प्यावर पडतो, म्हणून इथे घाई करू नका.

लॅपटॉपवर काम करताना तोंड माईकपासून साधारण दोन फुटांवर, म्हणजे ६० सेंटीमीटरवर असतं. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माईकपर्यंत ६ डेसिबलने जास्त पोचतो. ६० चे ३० आणि ३० चे १५ केले की १२ डेसिबल. पंखा, रस्ता, शेजारच्यांचा मिक्सर हे मात्र होते तिथेच राहतात, त्यामुळे त्यांच्या तुलनेत तुम्ही तेवढे वर येता. माईकची पातळी वाढवून हे साधत नाही, कारण पातळी वाढवली की पंखाही तेवढाच वाढतो.

करून बघा. ते जुने इअरफोन लावा, त्यांच्या वायरवरचा छोटा माईक हनुवटीपासून एक वीत खाली शर्टाला चिमट्याने अडकवा आणि तेच पापडाचं वाक्य पुन्हा रेकॉर्ड करा. हातात धरू नका, केसांवर घासू देऊ नका. फुकटातल्या इअरफोनने लॅपटॉपच्या माईकला मागे टाकलं, हा अनुभव मी निदान दहा घरांत घेतला आहे. तुमचंही तसं झालं आणि महिन्यातून चारच मीटिंगा असतील, तर खरेदीचा विषय संपला.

खरेदी करायचीच असेल तर आता पट्टी घ्या आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: माईक तोंडापासून किती अंतरावर, रोज, कटकट न होता राहू शकेल?

दोन-तीन बोटं अंतर चालणार असेल, म्हणजे डोक्यावर काहीतरी घालायची तयारी असेल, तर हेडसेट. एक वीत चालणार असेल तर कॉलर माईक किंवा तोंडाजवळ आणता येणारा टेबलावरचा माईक. एका हातापेक्षा जास्त अंतर ठेवायचंच असेल, चेहऱ्याजवळ काहीच नको असेल, तर आवाजात तडजोड होणार हे आधीच मान्य करा. दोन फुटांवरचा महागडा माईक हा दोन फुटांवरचाच माईक असतो.

ही शिकवणी मी पैसे भरून घेतली आहे. पहिल्यांदा मी 'स्टुडिओ'वाला संच आणला होता: उभा जाड माईक, स्प्रिंगचा हात, जाळीचं पॉप फिल्टर, सगळं. मॉनिटरच्या मागे थाटात लावला. पहिल्याच मीटिंगला पुण्याची सहकारी म्हणाली, "अगं, बाथरूममधून बोलतेयस का?" चुका एकदम तीन होत्या. माईक अडीच फुटांवर होता. मी त्याच्या टोकाकडे बघून बोलत होते, पण त्या जातीचा माईक बाजूने ऐकतो. आणि त्याला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागत होता, जो लॅपटॉपच्या ३.५ मिमी पिनमधून मिळतच नाही. सोबत आलेल्या वायरने आवाज येत होता खरा, पण कुजबुजल्यासारखा आणि खाली खरखर. तो संच आता भाच्याकडे आहे. त्याचा स्प्रिंगचा हात तेवढा कामाला आला, टेबल-लॅम्प लावायला.

## टप्पा ४ : पंखा आणि खोली

नाशिकची थंडी सोडली तर वर्षातले बरेच महिने पंखा बंद ठेवून बोलणं शक्य नाही. मग पंखा माईकच्या कोणत्या बाजूला येतो ते बघायचं.

टेबलावरचे बहुतेक माईक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतात. आता टोकाने ऐकणारा माईक टेबलावर ठेवून तोंडाकडे वर वळवला तर काय होतं बघा: त्याच्या तोंडासमोर तुम्ही असता आणि तुमच्या मागे-वर, त्याच रेषेत, छताचा पंखा. पाठ कुठे? टेबलाकडे. म्हणजे शांत टेबलाचा आवाज तो कापतोय आणि पंखा मन लावून ऐकतोय. हाच माईक स्प्रिंगच्या हातावर टांगून वरून तिरका खाली, तोंडाकडे वळवला की पाठ पंख्याकडे जाते. बाजूने ऐकणारा माईक उभा ठेवला तर पंखा साधारण ९० अंशांवर येतो, तिथे कार्डिऑइड ६ डेसिबल कमी ऐकतो. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी सुटका.

खिडकीचंही तसंच. रस्त्याकडची खिडकी माईकच्या पाठीला असू द्या. म्हणजे तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसायचं. चेहऱ्यावर उजेडही चांगला पडतो, तो वर नफा.

घुमणाऱ्या खोलीचा इलाज स्वस्त आहे. गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये खाली चकचकीत टाईल्स, समोर काच आणि भिंती मोकळ्या. टाळी वाजवली की खणखणीत परत येते. तिथे मीटिंगसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे बेडरूम: गादी, पडदे, कपड्यांनी गच्च कपाट. बैठकीच्या खोलीतच बसायचं असेल तर लॅपटॉपच्या मागच्या भिंतीला आजीची गोधडी लटकवा. कॅमेऱ्यात दिसत नाही, कारण ती कॅमेऱ्याच्या पाठीला असते.

माईकच्या स्टँडखाली तो नॅपकिन दुमडून ठेवा. बांगड्या टेबलाला लागतात, कीबोर्ड वाजतो, ते धक्के टेबलातून थेट माईकमध्ये जातात.

सावधान: अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. आवाज शोषला जात नाही, झुरळं मात्र येतात.

## टप्पा ५ : जोडणी तपासा

दुकानात जाण्याआधी लॅपटॉपच्या बाजूला काय-काय भोकं आहेत ते मोबाईलने फोटो काढून घ्या. अर्ध्या परतीच्या फेऱ्या इथेच वाचतात.

३.५ मिमीची पिन नीट बघा. तीन काळ्या रेघा असतील तर ती मोबाईल आणि हल्लीच्या लॅपटॉपसाठी, तिच्यात ऐकणं आणि बोलणं दोन्ही असतं. दोन रेघांची माईकची पिन कॅमेऱ्यासाठी. लॅपटॉपच्या एकत्रित भोकात ती सरळ लावली तर माईक ओळखला जात नाही. जुन्या डेस्कटॉपला गुलाबी आणि हिरवी अशी दोन वेगळी भोकं असतात, तिथे तीन रेघांच्या पिनला दोन तोंडांचा स्प्लिटर लागतो. काही कॉलर माईकना मोबाईल आणि कॅमेरा यांच्यात बदलायचं बटण असतं. बोयाच्या बीवाय-एम१ ला आहे, आणि "नवीन माईक बंदच निघाला" म्हणून माझ्याकडे आलेल्या दोन माईकांमध्ये फक्त ते बटण उलट्या बाजूला होतं.

यूएसबी असेल तर टाईप-ए की टाईप-सी ते बघा आणि माईक हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. तीन काड्यांची गोल एक्सएलआर पिन असलेला माईक एकट्या लॅपटॉपला चालत नाही, मध्ये ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी वेगळी डबी लागते. मीटिंगसाठी या वाटेला जाऊच नका.

आता ब्लूटूथ. कानातल्या बिनवायरी बड्सवर गाणी छान वाजतात, म्हणून माईकही छान असेल असं वाटतं. पण बड्सचा माईक चालू झाला की ब्लूटूथची जोडणी गाण्यांच्या पद्धतीवरून फोनच्या पद्धतीवर उतरते. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने, बऱ्यापैकी नव्यात १६,०००. ८,००० म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं गेलं, आणि स, श, फ यांची ओळख बरीचशी त्याच्या वर असते. म्हणून मीटिंग सुरू होताच तुम्हालाही समोरच्याचा आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

यावरचा उपाय फुकट आहे: मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून बड्स निवडा आणि माईक म्हणून लॅपटॉपचा किंवा वायरचा. दोन्ही वेगळे निवडता येतात हे कित्येकांना माहीतच नसतं.

## टप्पा ६ : प्रकार निवडा

वायरचा, दांडीवाला यूएसबी हेडसेट. निम्म्याहून जास्त लोकांना मी हाच सांगते. दिसायला कॉल सेंटर, पण अंतर कायम तेवढंच राहतं. मान वळवा, खुर्ची सरकवा, काही फरक नाही. घरात लहान मूल, बाहेर ड्रिल, पॅकहाउसवर कॉम्प्रेसरची घरघर, अशा ठिकाणी दुसरं काही चालत नाही. आमच्या पॅकहाउसच्या सुपरवायझरला मी टेबलावरचा माईक देऊन बघितला होता. खरेदीदाराला त्याच्याआधी क्रेट आपटल्याचे आवाज ऐकू जायचे. आता हेडसेट आहे, कंटेनर भरतानाही बोलतो.

कॉलर माईक हजाराच्या आसपास मिळतो आणि कॅमेऱ्यात जवळजवळ दिसत नाही. क्लास घेणाऱ्यांना, मुलाखत देणाऱ्यांना बरा. तो सहसा सगळ्या बाजूंनी ऐकतो, पण जवळ असल्यामुळे चालून जातं. त्याचा खरा शत्रू कपडा. मंगळसूत्र, ओढणी, साडीचा सरकता पदर यांची घासाघास ऐकणाऱ्याला पालापाचोळा तुडवल्यासारखी ऐकू येते. साडीवर लावायचा असेल तर पदराच्या घड्या घट्ट पिन करून, न हलणाऱ्या काठावर लावा आणि गळ्यातलं दुसऱ्या बाजूला घ्या. वायरचा एक छोटा वेढा क्लिपमध्येच अडकवा, म्हणजे वायर ओढली तरी धक्का माईकपर्यंत जात नाही.

टेबलावरचा यूएसबी माईक शांत खोली आणि एका विताचं अंतर असेल तरच. खोली गोंगाटाची असेल तर लांबचे बारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सरपेक्षा फक्त जवळचं ऐकणारा डायनॅमिक जातीचा बघा. सॅमसन क्यू२यू सारख्या माईकला यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही जोडण्या असतात. पण डायनॅमिकला चार बोटांवर येऊन बोलावं लागतं, लांबून तो ऐकतच नाही. तो तोंडासमोर दिसलेला चालेल का, हे आधी ठरवा.

बिनवायरी क्लिप माईक फळ्यासमोर उभं राहून शिकवणाऱ्यांसाठी. खुर्चीत बसून बोलायचं असेल तर चार्जिंगची आणखी एक कटकट कशाला? यातले बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायचाही एक पट्टा तोच. रिसीव्हर राउटरला चिकटून ठेवू नका.

एका टेबलाभोवती चार-पाच जण, जसं अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या मीटिंग रूममध्ये असतं, तिथे स्पीकरफोन घ्यायचा. स्पीकर आणि माईक एकाच डबीत, प्रतिध्वनी कापायची सोय आतच. सगळे त्याच्यापासून मीटर-दीड मीटरच्या आत बसले पाहिजेत. लांबलचक टेबलाच्या टोकाला बसलेल्या साहेबांसाठी डबी त्यांच्याकडे सरकवावी लागते, आणि ती नेहमी बरोबर साहेबांच्या कागदांखाली जाते.

सावधान: एका खोलीत दोन लॅपटॉप ऑडिओसकट एकाच मीटिंगमध्ये घेऊ नका. किंचाळी उठते. एकाचाच ऑडिओ चालू ठेवा. गूगल मीटमध्ये दुसऱ्यासाठी कंपॅनियन मोड आहे.

## टप्पा ७ : खरेदी

खोक्यावरचे दोन शब्द नीट वाचा. एएनसी म्हणजे बाहेरचा गोंगाट *तुमच्या* कानात कमी येतो. समोरच्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. ईएनसी म्हणजे माईकमधून जाणारा गोंगाट कमी करण्याचा दावा. 'नॉइज कॅन्सलिंग' एवढंच लिहिलेलं असेल तर कुठलं ते विचारा.

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांत घेणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा आणि पापडाचं वाक्य तिथेच रेकॉर्ड करा. दुकानदार हसेल, हसू दे. रस्त्यावरचा गोंगाट चाचणीला उलट चांगलाच. ऑनलाइन घेत असाल तर 'परत' आणि 'फक्त बदलून' यांतला फरक ऑर्डर करण्याआधी वाचा. माईक चांगला आहे पण तुमच्या टेबलाला जमत नाही, अशा वेळी बदलून तोच माईक पुन्हा घरी येतो. व्यवसायासाठी असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक घालून घ्यायला विसरू नका.

नमुना-दर १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट वगैरे आकड्यांवर जादा पैसे घालू नका. मीटिंगचं ॲप आवाज शेवटी दाबून-आवळूनच पाठवतं.

## टप्पा ८ : लावणे आणि सेटिंग

१. माईक तोंडाच्या बरोबर समोर नको. ओठांच्या कोपऱ्याला, थोडा बाजूला. हेडसेटची दांडी ओठाच्या कडेपासून दोन बोटं लांब. भ-फ चा फटका समोर निघून जातो, आवाज मिळतोच.

२. टेबलावरच्या माईकची पुढची बाजू ओळखा. बहुधा कंपनीचं नाव किंवा म्यूटचं बटण असतं ती. खात्री नसेल तर सगळ्या बाजूंनी "एक, दोन, तीन" म्हणत फिरवून रेकॉर्ड करा.

३. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, इनपुट असं जा आणि नवा माईक निवडा. मग मीटिंगच्या ॲपमध्येही तोच निवडा. दोन्ही ठिकाणी. नवा माईक समोर दिमाखात उभा आणि आवाज जातोय लॅपटॉपच्याच माईकमधून, ही चूक सगळ्यात जास्त होते. खात्री करायची सोपी रीत: माईकच्या जाळीवर नखाने हलकं खाजवा. ॲपमधली आवाजाची पट्टी उडी मारते का? मग लॅपटॉपच्या कडेवर खाजवा. तेव्हा उडी मारली, तर चुकीचा माईक चालू आहे.

४. माईक यादीत दिसतो पण आवाज शून्य? विंडोजच्या प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा, ब्राउझरमध्ये असाल तर तिथली वेगळी. आणि वायरवरचं, माईकवरचं म्यूट बटण. स्पर्शाने चालणारं बटण तर स्टँड हलवतानाच दबतं.

५. पातळी अशी ठेवा की जोरात हसलात तरी मीटर लाल होणार नाही. आकडे दिसत असतील तर बोलताना सगळ्यात वरची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे. झूम माईकची पातळी आपोआप वर-खाली करतं. हातानेच नीट लावली असेल तर सेटिंगमधली त्याची टिक काढून बघा. नाहीतर तुम्ही गप्प बसलात की ते पंखा शोधायला निघतं.

६. गोंगाट-कपात एकाच ठिकाणी ठेवा. हेडसेटची ईएनसी, लॅपटॉपच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आणि वर झूमची 'हाय' पातळीची कपात, अशा तीन चाळण्या लावल्या की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि वाक्यांची शेवटची अक्षरं गायब होतात. मराठीत क्रियापद शेवटी असतं. "पाठवला आहे" की "पाठवला नाही", ते तिथेच हरवतं.

गाणं, तबला, हार्मोनियम शिकवणाऱ्यांसाठी वेगळं: ॲपला तानपुरा म्हणजे पंखाच वाटतो, तो पुसून टाकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा आणि हेडफोन लावा, कारण प्रतिध्वनी कापण्याची सोयही त्यात बंद होऊ शकते.

## टप्पा ९ : शेवटची तपासणी

टप्पा १ चं जुनं रेकॉर्डिंग ठेवलंय ना? आता नव्या माईकवर त्याच खोलीत, त्याच वेळी, पंखा चालू ठेवून तेच वाक्य म्हणा आणि दोन्ही एकामागोमाग हेडफोनवर ऐका. नुसतं नवं ऐकलं तर पैसे खर्च केल्यामुळे ते चांगलंच वाटतं.

मग घरातल्याच कुणाला दुसऱ्या खोलीतून मोबाईलवर मीटिंगमध्ये घ्या आणि आकडे वाचून दाखवा: साठ, सात, पन्नास, पंचाण्णव, अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव. त्यांनी न विचारता लिहून काढायचे. दोन चुकले तर टप्पा ३ वर परत, माईक आणखी जवळ.

तपासा, मीटिंगच्या पाच मिनिटं आधी: ॲपमध्ये माईक बरोबर निवडलाय का (विंडोज अपडेटनंतर किंवा बड्स आपोआप जोडले गेले की तो बदलतो), म्यूटचा दिवा, बिनवायरी असेल तर बॅटरी. कुकरच्या किती शिट्ट्या बाकी आहेत ते स्वयंपाकघरात विचारून घ्या.

आणि ते जुने वायरचे इअरफोन फेकू नका. त्याच ड्रॉवरमध्ये, गुंडाळून, वरच ठेवा. ऐन मीटिंगमध्ये नवा माईक रुसला तर दहा सेकंदांत लागतील असे.